चाकांवरचं घर (लेखांक ६) : आधी टप, मग भिंती

मोटरहोमच्या भिंतींवर काळे ओघळ दिसले की मालक बादली आणि स्पंज घेऊन त्या घासत सुटतात. ओघळ निघतात, आणि एक जोराची सर येऊन गेली की त्याच जागी पुन्हा उमटतात. कारण तो मळ मुळात भिंतीचा नसतोच. टपावर साचलेली धूळ, झाडांचा चीक, रबराची उन्हाने सुटलेली पूड असं सगळं पाण्याबरोबर उतरतं आणि भिंतीवर वाळतं. मागच्या आठवड्यात आपण आतल्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या. आज बाहेरची बाजू घेताना सुरुवात टपापासूनच करायला हवी.

अमेरिकेतल्या अनेक मोटरहोमच्या टपावर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं पातळ आवरण असतं. ते सौम्य साबण, पाणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर स्वच्छ होतं. पेट्रोलियमचा अंश असलेलं कुठलंही क्लीनर किंवा चकाकी आणणारं द्रव्य मात्र त्याला चालत नाही. रबर फुगतं आणि खालच्या प्लायवूडपासून सुटू लागतं. टप धुण्याआधी भिंती ओल्या करून घ्याव्यात आणि काम चालू असताना त्यांच्यावर पाणी मारत राहावं, म्हणजे वरून येणारा मळ तिथे वाळत नाही. ओलं रबर भयंकर निसरडं असतं. कडेजवळ उभं राहून घासू नका.

वर चढल्यावर धुण्याइतकंच महत्त्वाचं काम डोळ्यांचं आहे. एसी, हवेच्या झडपा, अँटेना, शिडीचे स्क्रू या प्रत्येकासाठी टपाला भोक पाडलेलं असतं आणि पाणी अडवायला तिथे फक्त सीलंट असतं. ऊन आणि थंडीने ते आक्रसतं, तडकतं. केसाएवढ्या फटीतून झिरपलेलं पाणी महिनोन्‌महिने आत लाकूड कुजवत राहतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा भिंतीवरचा फायबरग्लासचा थर प्लायवूडपासून सुटून फुगवटा आलेला असतो, आणि ती दुरुस्ती फार महाग पडते. वर्षातून किमान दोनदा प्रत्येक सांधा बोटाने चाचपून पाहावा. टपासाठी स्वतःहून पसरून सपाट होणारं सीलंट मिळतं, तेच वापरावं. उभ्या सांध्यांसाठी न ओघळणारं वेगळं असतं. हार्डवेअरच्या दुकानातली साधी सिलिकॉनची नळी इथे नको. ती एकदा लागली की नंतर तिच्यावर दुसरं काहीही धड चिकटत नाही.

आता भिंती. फायबरग्लासवरचा चकचकीत थर म्हणजे जेलकोट, पॉलिएस्टर रेझिनचा. ॲरिझोनासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवर हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पूड लागते, कारण अतिनील किरणांनी वरचं रेझिन मोडलेलं असतं. अशा भिंतीवर नुसतं वॅक्स चोपडण्यात अर्थ नाही. आधी पॉलिशिंग कंपाऊंडने मेलेला थर काढायचा, मग वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट लावायचं, तेही सावलीत, भिंत थंड असताना. रंगीत पट्ट्यांच्या स्टिकरवर कंपाऊंड फिरवू नये. प्रेशर वॉशरचा झोतही स्टिकरच्या कडा, सांधे आणि फ्रिजच्या जाळीपासून लांब ठेवावा.

फ्लोरिडात मे आणि सप्टेंबरच्या सुमारास लव्हबगचे थवे उडतात. समोरच्या भागावर चिरडलेले हे किडे उन्हात तसेच राहिले तर रंगावर कायमचे डाग पडतात, म्हणून ते त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढावेत.

राहण्याच्या भागाच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील, आणि युरोपीय बनावटीच्या गाड्यांत त्या बहुतेक असतातच, तर अमोनियाचं काचेचं क्लीनर त्यांना लावू नका. त्याने बारीक भेगांचं जाळं उठतं आणि ते पुन्हा जात नाही.

शेवटी टायर. मोटरहोम चालतं कमी आणि उभं जास्त राहतं, त्यामुळे टायरची नक्षी झिजण्याआधीच रबर म्हातारं होतं. गाडी मोठ्या काळासाठी उभी करताना टायरना पांढरी आवरणं घाला. वय टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं : डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी विकत घेताना रंगाची चमक बघण्याआधी हे अंक वाचा.

पुढच्या आठवड्यात : बॅटरी आणि सौर पॅनेल.