स्क्रीन रीडर नेमकं काय वाचतो?

लखनौच्या मोहन रोडवर डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ आहे. उत्तर प्रदेश सरकारने २००८ साली ते स्थापन केलं आणि निम्म्या जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखल्या. इथे काय किंवा पुण्या-मुंबईत काय, अंध विद्यार्थी संगणक कानांनी वापरतात : स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर त्यांना मजकूर वाचून दाखवतं. त्याबद्दल डोळसांचे गैरसमज मात्र बरेच.

गैरसमज : संगणक बोलतो, म्हणजे अंधांना सगळं वाचता येतं.

अडचण खरी इथेच आहे. हिंदी पट्ट्यात कृतिदेव फॉन्ट वर्षानुवर्षं रुळलेला. त्यात 'कमल' टाइप केलं की संगणकात साठतात डी, ई, वाय ही इंग्रजी अक्षरं; फॉन्ट त्यांना फक्त क, म, ल असं रूप देतो. डोळ्यांना कमल दिसतं, स्क्रीन रीडर मात्र आत साठलेली अक्षरं वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. मराठीतल्या जुन्या फॉन्टांचीही हीच गत. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसतं चित्र. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे 'क' हा 'क' म्हणूनच साठेल असा, टाइप केला, तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडरही तो सरळ वाचतो. नोट्स देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने एवढं तरी करावंच.

गैरसमज : आवाज जितका माणसासारखा, तितका चांगला.

गोष्ट ऐकायला, हो. पण परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर पानं उरकायची असतात. सरावलेले कान खूप वेगाने ऐकतात. त्या वेगात ई-स्पीकसारखा यांत्रिक, कोरडा आवाज अनेकांना जास्त स्पष्ट वाटतो.

गैरसमज : अंधांसाठीचं प्रत्येक उपकरण बोलकं हवं.

रस्त्यावर कान आधीच कामात असतात : रिक्षाचा आवाज, पावलं, भिंतीवरून परतणारा नाद. म्हणून आयआयटी दिल्लीत घडलेली 'स्मार्टकेन' काठी गुडघ्याच्या वरचे, साधारण तीन मीटरपर्यंतचे अडथळे आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी टिपते, पण सूचना देते मुठीतल्या कंपनांनी.

गैरसमज : आवाज आला, आता ब्रेल कशाला?

'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच लागतात. ऱ्हस्व-दीर्घ कळतं ते ब्रेलच्या ठिपक्यांवरून बोट फिरल्यावर.