अडलेला ‘अ’

चार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाने तालुक्यातील बोलीचा शब्दसंग्रह करावयाचे ठरविले आणि मराठीचा अध्यापक म्हणून ते जू अर्थातच माझ्या मानेवर आले. मुदत दोन वर्षांची. अनुदानाचा एक हप्ता हातात, दुसरा पहिला भाग छापून झाल्यावर. मुले उत्साहाने गावोगाव हिंडली. चिठ्ठ्यांनी कपाट भरले, मग त्या संगणकावर चढल्या. इथवर सारे सुरळीत होते.

काम अडले ते ‘अ’पाशी! वनस्पतींची नावे तपासून देण्याचे ज्यांनी कबूल केले होते, ते वडीलधारे गृहस्थ ‘पाहतो, पाहतो’ म्हणत राहिले. अघाडा, अडुळसा, अर्जुन ही सारी मंडळी त्यांच्या घरी मुक्कामाला. मी पत्रे लिहिली, घरी गेलो, चहा प्यालो, परत आलो. न तपासता छापावे, तर औषधाची बाब. कुणाच्या पोटात भलतेच जायचे. संगणक शब्द क्षणात अनुक्रमाने लावून देतो हे खरे. पण आपल्यापाशी नसलेला शब्द तो कोठून देणार? आणि अकारविल्हे कोशाची खोडच अशी, की ‘अ’ पुरा झाल्याखेरीज ‘आ’ला छापखान्याचे दार उघडत नाही. मुदत टळून गेली.

मला मात्र मुदतीपेक्षा एका माणसाची धास्ती होती. शेजारच्या खेड्यातल्या एका वृद्ध सुतारांनी बैलगाडीचे शंभरावर शब्द आम्हांला सांगितले होते. मुले त्यांना तात्या म्हणत. बाजारच्या दिवशी भेटले की त्यांचा एकच प्रश्न : “मास्तर, पुस्तक कुठवर आलं?” त्यांची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत होती. मी म्हणे, “येतंय, तात्या.” खोटे बोलण्याचीही सवय होते!

अशा वेळी मराठीच्या माणसाला केतकरांची आठवण न होईल तर नवल. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी नागपुरात कंपनी काढून, भाग विकून ज्ञानकोश हाती घेतला. पुढे बिऱ्हाड पुण्यास हलविले आणि अखेर २३ खंड उभे केले. त्या खटाटोपाचा इतिहास त्यांनी १९२७ साली ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहिला. ज्ञानकोशाच्या मांडणीतली एक गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली होती, पण तिचा अर्थ कधी लक्षात आला नव्हता. पहिले पाच खंड अकारविल्हे नाहीतच! ते प्रस्तावनाखंड; वेदविद्या, विज्ञानेतिहास असे विषय घेऊन सिद्ध केलेले. ‘अ’ येतो तो सहाव्या खंडात. केतकरांचा हेतू विद्वत्तेचा होता हे उघडच आहे. पण माझा तर्क असा, की त्यामुळे अकारविल्हे लेख सिद्ध होईतो वर्गणीदारांच्या हाती काहीतरी पडत राहिले असणार. विश्वकोशाचेही तसेच. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. परिभाषासंग्रह मात्र त्याआधी, १९७३ सालीच बाहेर आला होता.

मी समितीपुढे गेलो. म्हटले, कोश राहू द्या, आधी विषयवार पुस्तिका काढू. पहिली बैलगाडीची. “मंजूर आराखड्यात असे नाही,” अध्यक्ष म्हणाले. “आराखड्यात अडुळसा घरी बसेल असेही नव्हते,” मी म्हणालो. हे बोलणे मला शोभले नाही; पण दोन तासांच्या चर्चेनंतर पुस्तिका मंजूर झाली. दुसऱ्या हप्त्याचे मात्र अद्याप पत्रच चालू आहे.

पावसाळा संपता संपता चाळीस पानांची पुस्तिका घेऊन मी तात्यांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी ती डोळ्यांशी नेली, मग नातीच्या हाती दिली. ती वाचू लागली : तुंबा, आरे, धाव, शिवळ...

“थांब,” तात्या म्हणाले. “शिवळ कुठं घातलीय?”

“चाकाच्या पानावर, आजोबा.”

“मास्तर, शिवळ जुवाची असती. चाकात घालून गाडी चालवणार हाय काय?”

चूक माझीच होती. मुद्रिते मीच तपासली होती. मी खिशातून पेन काढले. तात्यांनी नातीला पुढे वाचायला सांगितले, आणि शेवटच्या पानापर्यंत आणखी तीन चुका निघाल्या.