सावली आणि सातत्य : रामदासपेठेतील उद्याने आणि सायकलमार्गाची आखणी

नागपूरची रामदासपेठ ही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखीव पद्धतीने वाढलेली वस्ती असून, तिच्या उत्तरेस महाराजबाग आणि कृषी महाविद्यालयाचा परिसर, पूर्वेस सीताबर्डी व धंतोली, पश्चिमेस शंकरनगर व बजाजनगर आहे, तर अंबाझरी तलावापासून पूर्वेकडे निघालेली नाग नदी तिच्या कडेने वाहते. अशा वस्तीत उद्यान कोठे असावे आणि सायकलने जाणाऱ्याची वाट कोठून काढावी, हे प्रश्न प्रशासनाच्या व्यवहारात वेगवेगळे मानले जातात, कारण पहिला उद्यान विभागाकडे आणि दुसरा रस्ते व वाहतुकीशी संबंधित यंत्रणेकडे जातो. उन्हाळ्यात 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या या शहरात मात्र सायकलमार्गाची पहिली गरज सावली आहे आणि दुसरी सलगपणा. सावली झाडांकडून मिळते आणि सलगपणा उद्याने, रस्ते व नदीकाठ एकमेकांना जोडल्याने येतो. त्यामुळे या दोन प्रश्नांचा विचार एकाच नकाशावर झाला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या विचाराला नागपुरात जुना आधार आहे. महाराजबागेचे मूळ भोसलेकालीन असून, तेथील प्राणिसंग्रहालय 1894 पासूनचे आहे. अंबाझरी तलावाचा बांध शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी 1870 च्या सुमारास वाढवण्यात आला, म्हणजे आज विरंगुळ्याची वाटणारी ही जागा शहराच्या जीवनावश्यक रचनेचा भाग म्हणून आकाराला आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी भारतातील अनेक शहरांची पाहणी केली, त्यांत नागपूरही होते. नकाशावर सरळ रेषा ओढून वस्ती पाडण्याऐवजी आधी पायी फिरून तलाव, झाडे, गल्ल्या आणि लोकांचा वावर समजून घ्यावा आणि मगच कमीत कमी मोडतोड करून सुधारणा करावी, अशी त्यांची पद्धत होती. पुढे 1936 च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि शहराच्या विस्ताराला अभिन्यासांचे, म्हणजे भूखंड, रस्ते व खुल्या जागा आधीच ठरवून दिलेल्या मांडणीचे रूप मिळाले. नागपूरकर ज्याला रोजच्या बोलण्यात ‘ले-आऊट’ म्हणतात, तो हाच अभिन्यास होय.

उद्यानाची जागा कायद्याने दोन मार्गांनी निर्माण होते. पहिला मार्ग विकास आराखड्यातील आरक्षणाचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे शहराचा आराखडा तयार होतो, तो प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी 30 दिवसांची मुदत असते, त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देते. नागपूर शहराचा सुधारित आराखडा 2000 साली मंजूर झाला. आरक्षण म्हणजे मात्र ताबा नव्हे. आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक कलम 127 अन्वये नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर ते आरक्षण संपुष्टात येते. त्यामुळे नकाशावर हिरव्या रंगात दिसणारी जागा मुदत उलटून कायमची हातची जाऊ शकते. दुसरा मार्ग अभिन्यासातील खुल्या जागेचा आहे. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या विकासात 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. रामदासपेठेसारख्या पूर्ण भरलेल्या वस्तीत नवी मोठी जागा मिळण्याची शक्यता जवळजवळ नसल्याने, असलेल्या लहान जागा एकमेकींना जोडणे हाच तेथे उद्याने वाढवण्याचा खरा उपाय उरतो.

जोडणीच्या कामातील पहिली अडचण मालकीची आहे. महाराजबाग आणि कृषी महाविद्यालयाची जमीन डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, वस्तीतील रस्ते व बागा महापालिकेकडे आहेत, उत्तर अंबाझरी मार्गावरील मेट्रोचे खांब आणि स्थानके महामेट्रोची आहेत, तर तलावापलीकडील सुमारे 750 हेक्टरचे अंबाझरी जैवविविधता उद्यान वन विभागाचे आहे. महाराजबागेपासून अंबाझरीपर्यंतचे साधारण चार किलोमीटरचे अंतर सायकलने पाव तासाचे असले, तरी त्या पाव तासात सायकलस्वार वेगवेगळ्या यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो आणि प्रत्येक हद्दीपाशी रस्त्याचा पोत, रुंदी व नियम बदलतात. सायकलमार्ग बहुधा अशा सांध्यांवरच तुटतो.

हद्दी समजून घेतल्यावर पुढची पायरी सर्वेक्षणाची आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाने जून 2020 मध्ये ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा सुरू केली, तीत शंभराहून अधिक शहरांनी नोंदणी केली आणि 2021 मध्ये निवडलेल्या 11 शहरांत नागपूरचा समावेश झाला. या उपक्रमात वापरलेली एक उपयुक्त पद्धत म्हणजे हँडलबार सर्वेक्षण, ज्यात स्वयंसेवक ठरलेल्या रस्त्यावर स्वतः सायकल चालवतात आणि खड्डे, उघडी झाकणे, उभी वाहने, अंधाराची ठिकाणे व धोकादायक वळणे यांची जागच्या जागी नोंद करतात. ही पद्धत गेडिस यांच्या पायी पाहणीशी नाते सांगणारी आहे, कारण मोटारीच्या काचेतून सपाट दिसणारा रस्ता सायकलच्या दोन चाकांना किती उंचसखल असतो, हे चालवल्यावाचून कळत नाही.

रामदासपेठेत अशी पाहणी केल्यास वस्तीचे स्वरूपच आखणीचे निकष ठरवून देते. रामदासपेठ व धंतोली हा नागपूरचा रुग्णालयांचा पट्टा असून, विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येथे येतात. त्यामुळे रुग्णवाहिका, ऑटोरिक्षा, नातेवाइकांच्या दुचाक्या, औषधांची दुकाने, फळांचे हातठेले आणि पानठेले यांची रस्त्याच्या कडेसाठी दिवसभर ओढाताण चालते. येथे केवळ रंगाचा पट्टा ओढून सायकलमार्ग जाहीर केला तर तो वाहनतळ होण्यास वेळ लागत नाही. म्हणून मार्गाला भौतिक विभाजन लागते, म्हणजे ठरावीक अंतरावर खांब, बुटका किनारदगड किंवा झाडांची ओळ, आणि त्याचबरोबर वाहने उभी करण्याची व पथविक्रेत्यांची जागा त्याच नकाशावर ठरवावी लागते. पथविक्रेत्यांना हुसकावून मोकळी केलेली कडा टिकत नाही आणि ते न्याय्यही नाही, कारण 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. शिवाय दुपारच्या वेळी माणसांचा राबता ठेवून रस्ता सुरक्षित राखण्यात या विक्रेत्यांचाही वाटा असतो.

यानंतर रस्त्याच्या छेदाचा, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या वाटणीचा प्रश्न येतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर निर्वेध रुंदी हवी. एकेरी सायकलमार्गाला साधारण दोन मीटर व दुहेरीला तीन मीटर जागा गृहीत धरली, तर अरुंद गल्लीत हे सारे बसत नाही आणि तेथे वेगळा मार्ग करण्याऐवजी मोटारींचा वेगच इतका कमी करणे योग्य ठरते की सायकल व मोटार एकाच रस्त्यावर निर्धास्तपणे चालू शकतील. रुंद रस्त्यावर मात्र झाडांच्या जागेवरून मार्गाची जागा ठरवावी. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा पूर्व-पश्चिम रस्त्याच्या कोणत्याही बाजूला दूरवर सावली पडत नाही आणि मार्ग झाडाच्या पर्णछत्राखालीच असावा लागतो. उत्तर-दक्षिण रस्त्यावर पश्चिमेकडील ओळीची सावली दुपारनंतर पूर्वेकडे लांबते, म्हणून तेथे मार्ग त्या ओळीला लागून ठेवल्यास संध्याकाळच्या फेरीला तिचा लाभ होतो. झाडांची निवडही याच हिशेबाने करावी लागते. करंज व कडुनिंब ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने भरलेले असतात, त्यामुळे ते मार्गालगत उपयोगी पडतात. गुलमोहर फुलांनी शोभिवंत असला तरी त्याच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात, म्हणून तो वाटेपासून दूर बरा.

असलेली झाडे वाचवणे हे नवी लावण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण वीस वर्षांची सावली एका पावसाळ्यात उगवत नाही. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्याने शहरी भागात वृक्ष प्राधिकरण व दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडांना विशेष दर्जा देऊन, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली आहे. तथापि, कुऱ्हाडीइतकाच धोका काँक्रीटचा असतो. बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा गट्टू, म्हणजे सिमेंटच्या जोडफरश्या, बसवल्या की मुळांना पाणी व हवा मिळत नाही आणि काही वर्षांनी वाऱ्याच्या झोतात झाड उन्मळून पडते. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवणे हे सायकलमार्गाच्या निविदेतीलच एक कलम असले पाहिजे.

बांधकामात स्थानिक माती निर्णायक ठरते. पश्चिम नागपूर बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशात असून त्यावर काळी माती आहे, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर थेट घातलेला पातळ थर लवकरच लाटांसारखा होतो. म्हणून काळी माती योग्य खोलीपर्यंत काढून मुरमाचा थर दाबून भरणे, त्यावर खडीचा पाया घालणे आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत व किंचित उताराचा ठेवणे हा क्रम पाळावा लागतो. गट्टू उखडून पुन्हा बसवता येतात, त्यामुळे जलवाहिन्या किंवा तारांच्या कामासाठी ते सोयीचे असले, तरी त्यांच्या सांध्यांमुळे सायकलला सतत धक्के बसतात. सायकलसाठी डांबर किंवा सलग काँक्रीट अधिक सुखावह आहे. पावसाळी नालीची जाळी आडवी बसवणे ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु उभ्या फटींत सायकलचे चाक अडकून होणारे अपघात तेवढ्यानेच टळतात. शहरातील रस्ते काँक्रीटचे होताना काही ठिकाणी त्यांची पातळी घरांच्या अंगणांपेक्षा उंच झाली, हा नागपूरकरांच्या परिचयाचा अनुभव लक्षात घेता, कडेच्या मार्गाची पातळी ठरवताना पाण्याची वाट आधी ठरवणे आवश्यक आहे.

पाण्याचा हा विचार नाग नदीपाशी अधिक गंभीर होतो. सिंगापूरने 1990 च्या दशकापासून सांडपाण्याच्या नव्हे, तर पावसाच्या पाण्याच्या कालव्यांच्या कडेच्या राखीव पट्ट्यांतून उद्याने जोडणारे मार्ग उभारले आणि त्यांची लांबी 300 किलोमीटरच्या पुढे गेली. उष्ण व दाट वस्तीच्या शहराला जलप्रवाहाची कडा ही सर्वांत सलग जागा असते, हा त्याचा धडा आहे. नागपुरात नाग नदी हीच भूमिका बजावू शकते, परंतु तिच्यात आज मोठ्या प्रमाणात सांडपाणी वाहते आणि त्यावरील प्रक्रियेचा प्रकल्प राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली हाती घेण्यात आला आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीलगतच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यामुळे नदीकाठचा मार्ग पात्र अरुंद करणाऱ्या भिंती बांधून नव्हे, तर पुरात बुडाला तरी नासणार नाही अशा खालच्या पातळीवर, झाडे व गवत राखून केला पाहिजे, आणि नदीला पसरण्यासाठी सोडलेली जागाच इतर दिवशी उद्यान व वाट म्हणून वापरली गेली पाहिजे.

मार्ग कोणासाठी आहे, हे ठरवल्याशिवाय आखणी पूर्ण होत नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि पहाटे सायकल चालवणाऱ्यांचा वर्ग शहरात वाढला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर या वर्गाला मार्गाची तेवढी गरज नसते, जेवढी रुग्णालयातील रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कर्मचाऱ्याला, इमारतीच्या सुरक्षारक्षकाला, वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाला आणि शिकवणीला जाणाऱ्या मुलीला असते. त्यांच्यासाठी चौक ओलांडण्याची सोय, रात्रीचे दिवे आणि मेट्रो स्थानकापाशी कुलूप लावून सायकल ठेवण्याची जागा या गोष्टी शोभेच्या कमानींपेक्षा अधिक मोलाच्या आहेत. पुण्याने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, पण त्याआधीच्या काळात तेथे बांधलेले अनेक मार्ग चौकापाशी संपत, बसथांब्यापाशी अडत आणि झाडापाशी वळत असल्याने वापराविना राहिले. मार्गाची लांबी किलोमीटरमध्ये जाहीर करण्याऐवजी न उतरता किती अंतर जाता येते, हे मोजले पाहिजे.

रामदासपेठेत यासाठी फार मोठ्या निधीची नव्हे, तर एका संयुक्त नकाशाची गरज आहे, ज्यावर उद्यान विभाग, रस्ते विभाग, कृषी विद्यापीठ, वन विभाग आणि महामेट्रो यांच्या हद्दी, प्रत्येक मोठे झाड, प्रत्येक नाली आणि प्रत्येक धोकादायक चौक एकत्र दिसेल, आणि ज्याच्या देखभालीची जबाबदारी एका निश्चित अधिकाऱ्यावर असेल. विकास आराखड्यावरील हरकतींची मुदत, वृक्षतोडीच्या नोटिसा आणि प्रभागातील कामांची अंदाजपत्रके ही नागरिकांच्या हातातील साधने आहेत, परंतु ती वेळेत वापरली तरच उपयोगी पडतात. म्हणून रामदासपेठेतील रहिवासी, डॉक्टर, शिक्षक व विद्यार्थी यांनी आपल्या गल्लीतील झाडांची आणि सायकल अडणाऱ्या जागांची नोंद आजच करावी, ती लेखी स्वरूपात महापालिकेकडे द्यावी आणि पुढील आराखड्याच्या सुनावणीला स्वतः उपस्थित राहावे.