स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स : डिस्क दिसेना, वायफाय सापडेना

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने हातखंब्यासारख्या महामार्गावरच्या गावातही जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवण्याचा विचार होणे स्वाभाविक आहे. इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल, तर ती बिघडलेलीच असते असे नाही. अनेकदा इंटेलची आरएसटी, म्हणजे डिस्कचे नियंत्रण स्वतःकडे घेणारी व्यवस्था, बायोसमध्ये चालू असते आणि तिच्याऐवजी एएचसीआय निवडताच डिस्क दिसू लागते, मात्र पूर्वतयारीविना असे केल्यास जुने विंडोज सुरू होत नाही. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्रभाग आणि प्रणाली यांमधला दुवा, बऱ्याचदा इंटरनेटवरूनच घ्यावा लागतो. हा (काहीसा विनोदी) पेच मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केल्यास सुटतो. कोकणच्या पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने, बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय आणि फायलींची प्रत अन्यत्र ठेवल्याशिवाय डिस्कच्या विभाजनाला हात लावू नये.