येडशीचा घाट आणि फ्रान्सची वेगवान गाडी

आगगाडीचा वेग तिच्या इंजिनात असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंजिन जितके बलवान, तितकी गाडी वेगवान, हा हिशेब वरवर पाहता बरोबर वाटतो. परंतु उत्तम घोडाही खाचखळग्यांच्या वाटेवर चौखूर धावू शकत नाही. आगगाडीचेही तसेच आहे. तिचा वेग जितका यंत्रावर अवलंबून, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, वाटेवर अवलंबून असतो. हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या घाटातून गेलेली, आणि दुसरी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथून दक्षिणेस लिओं शहराकडे गेलेली.

येडशी हे बालाघाटच्या डोंगररांगेच्या काठावरचे गाव. बार्शीकडून येणारी लोहमार्गाची वाट पांगरीमार्गे चढत चढत येथे पठारावर येते. जवळच दरीत रामलिंगाचे प्राचीन देवस्थान आहे. सभोवतालच्या रानाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. ह्या घाटात रूळ आणले ते बार्शी लाइट रेल्वेने. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मुख्य लोहमार्गावरचे जवळचे स्थानक बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, तेथून २१ मैल दूर. सारा माल बैलगाड्यांनी न्यावा लागे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ही अडचण हेरली. १८९५ साली कंपनी उभी राहिली व १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. पुढे १९११ साली ती वाट निजामाच्या मुलखातून लातुरास पोहोचली. दुसऱ्या बाजूस १९०६ साली पंढरपूर व १९२७ साली मिरज जोडले गेले, आणि एकूण लांबी सुमारे २०० मैलांवर गेली.

ह्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. अरुंद मार्ग स्वस्त पडतो, कारण डोंगराला वळसा घालून जाणारी तीव्र वळणे त्याला चालतात. बोगदे खोदावे लागत नाहीत आणि भरावही थोडा लागतो. परंतु कॅल्थ्रॉपची खरी कल्पकता निराळ्याच गोष्टीत होती. इंजिन असो, मालाची वाघीण असो, वा उतारूंचा डबा असो, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा नियम त्याने घालून घेतला. भार सर्वत्र सारखा वाटला गेला, म्हणजे हलके रूळही पुरतात. म्हणून यार्डाला ३० पौंड वजनाच्या रुळांवर त्याने हे सारे काम निभावले. इंजिनाचा भार वाटण्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याला एकमेकांस जोडलेली आठ चाके व मागे आणखी चार चाके दिली. ही योजना पुढे इंग्लंडातही अनुकरणीय ठरली. १९०४ साली तेथे सुरू झालेली लीक व मॅनिफोल्ड खोऱ्यातील छोटी रेल्वे बार्शीच्या धर्तीवरच बांधली गेली.

आता फ्रान्सकडे वळावयाचे. पॅरिस व लिओं ह्यांच्यामधील जुन्या मार्गावर १९६० नंतरच्या काळात गाड्यांची इतकी दाटी झाली की नवी वाट काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ही नवी वाट केवळ वेगवान उतारू-गाड्यांसाठी राखून ठेवावयाची, तिच्यावर साध्या मालगाड्या आणावयाच्या नाहीत, असे ठरले. १९८१ च्या सप्टेंबरात तिचा दक्षिणेकडील भाग खुला झाला व १९८३ साली उरलेला. प्रारंभी गाडी ताशी २६० किलोमीटर धावे. आज अशा मार्गांवर ३०० व काही ठिकाणी ३२० किलोमीटरांपर्यंत मजल गेली आहे. जुन्या वाटेपेक्षा नवी वाट पाऊणशेहून अधिक किलोमीटरांनी जवळची आहे. पॅरिसहून लिओंला सुमारे दोन तासांत, आणि २००१ साली दक्षिणेकडचा मार्ग पूर्ण झाल्यापासून समुद्रकाठच्या मार्सेयला तीन तासांहून थोड्याच अधिक वेळात पोहोचता येते. ते अंतर साडेसातशे किलोमीटरांच्या घरात आहे.

येडशीच्या स्थानकावर गाडीची वाट पाहण्यास सरावलेला एखादा प्रवासी प्रथमच पॅरिसच्या गार द लिओं स्थानकात शिरला, तर त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. ह्या गाडीत आयत्या वेळी उभ्याने जाण्याची सोय धरून चालता येत नाही. तिकिटाबरोबर विशिष्ट गाडीतील जागा राखावीच लागते. गाडी भरत जाते तसे भाडे चढत जाते, म्हणून तिकीट आगाऊ काढणारा फायद्यात राहतो. फलाट कोणता, हे बहुधा गाडी सुटण्यापूर्वी वीसएक मिनिटेच फलकावर झळकते. तोवर सारी गर्दी मान वर करून उभी असते. क्रमांक दिसताच लोक निघतात. तेव्हा घाबरून धावण्याचे कारण नाही. पण रेंगाळूनही भागत नाही, कारण दारे सुटण्याच्या वेळेपूर्वी दोन मिनिटे बंद होतात. फलाट लांब असतो, आणि पुष्कळदा दोन गाड्या एकमेकींस जोडून एकाच फलाटावरून निघतात व वाटेत विलग होऊन भिन्न गावी जातात. म्हणून डब्याचा क्रमांक पाहूनच चढावे. एकदा चढल्यावर एका गाडीतून दुसरीत आतून जाता येत नाही. सामानावर नावाची चिठ्ठी असावी, असा तेथे नियम आहे. डबा दुमजली असला, तर देखावा पाहणाऱ्याने वरच्या मजल्यावरील जागा मागावी.

गाडी हलली की पहिल्या प्रवाशाची थोडी निराशाच होते. पॅरिसच्या उपनगरांतून ती इतर गाड्यांसारखीच बेताने जाते. नंतर ती आपल्या राखीव वाटेस लागते आणि वेग वाढू लागतो. परंतु पेल्यातील पाणीही फारसे हिंदकळत नाही. वेगाची जाणीव होते ती बाहेर पाहिल्यावर. रुळांकाठचे खांब ओळखू येईनासे होतात, पण बर्गंडीच्या प्रांतातील दूरची कुरणे व त्यांतील पांढरी गुरे संथपणे मागे सरकत राहतात. अशा वेळी गाडी दर सेकंदाला ८० मीटरांहून अधिक अंतर कापीत असते.

हे कसे साधते? पहिली गोष्ट वळणाची. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरांच्या जागी ३०० झाले, तर वेग सहापट होतो, पण हा जोर छत्तीसपट. म्हणून पॅरिस–लिओं मार्गावरील वळणे इतकी विशाल ठेवली आहेत की त्यांची त्रिज्या साधारणतः ४ किलोमीटर किंवा अधिक आहे. येडशीच्या घाटातील छोटी गाडी डोंगराच्या कडेकडेने वळत जाई. फ्रान्सच्या गाडीला तसे वळताच येणार नाही. ह्या नियमाचा भंग किती महाग पडतो, हे २०१५ च्या नोव्हेंबरात दिसले. स्ट्रासबुर्गजवळ चाचणीसाठी धावणारी एक गाडी वळणावर मर्यादेबाहेरच्या वेगाने आली, रुळांवरून उतरली आणि ११ माणसे दगावली.

दुसरी गोष्ट चढाची, आणि येथे अनुभव उलटा येतो. वळणाला भिणारी ही गाडी चढाला मात्र भीत नाही. पॅरिस–लिओं मार्गावर हजार मीटरांत ३५ मीटर इतके तीव्र चढ ठेवले आहेत. मालगाडीला असा चढ अतिशय जड जातो. परंतु ताशी २७० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या अंगी जी गती साठलेली असते, तिच्याच बळावर, घर्षण व हवेचा विरोध वजा धरता, ती सुमारे २८५ मीटर उंच चढून जाऊ शकेल. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीला हाच हिशेब लावला, तर अवघे १० मीटर येतात. म्हणूनच येडशीचा घाट चढताना वाफेच्या इंजिनाला धापा टाकाव्या लागत आणि फ्रान्सची गाडी टेकडी ओलांडते ते प्रवाशाला कळतही नाही. ह्या सोयीमुळे त्या मूळ मार्गावर एकही बोगदा खोदावा लागला नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. येथे बार्शी व पॅरिस ह्यांचे विलक्षण साम्य आढळते. फ्रान्सच्या अभियंत्यांनीही आसामागे भाराची कमाल मर्यादा घालून घेतली. ती १७ टनांची. भरधाव चाकाखाली जड भार आला, तर रूळ व खडी ह्यांची लवकर नासाडी होते. हा भार आटोक्यात ठेवण्यासाठी दोन डब्यांच्या सांध्याखाली चाकांची एकच चौकट बसविली आहे. तीवर दोन्ही डबे टेकतात. त्यामुळे चाके कमी लागतात व सारी गाडी एका अखंड सापासारखी जुळून राहते. १९९३ च्या डिसेंबरात उत्तर फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातील जुन्या खंदकांमुळे रुळांखालची जमीन पावसाने खचली, आणि ताशी २९० किलोमीटरांहून अधिक वेगाने जाणाऱ्या गाडीची काही चाके घसरली. तरीही गाडी उलटली नाही व कोणी दगावले नाही.

चौथी गोष्ट इशाऱ्याची. ३०० किलोमीटरांच्या वेगात गाडी थांबावयास तीन किलोमीटरांहून अधिक अंतर लागते. एवढ्या दुरून रुळांकाठचा दिवा दिसणे शक्य नाही. म्हणून इशारे रुळांमधून विजेच्या द्वारे थेट चालकाच्या समोर उमटतात. त्याने दुर्लक्ष केले, तर गाडी आपोआप रोखली जाते. ह्या मार्गावर एकही फाटक नाही आणि दुतर्फा कुंपण आहे. गाडीला वीज मिळते ती २५,००० व्होल्ट दाबाची. हीच पद्धती भारतीय रेल्वेनेही १९५७ साली फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने स्वीकारली.

येथवर वेगाचा हिशेब झाला. पण वेगाला किंमत द्यावी लागते, आणि ती केवळ पैशात मोजली जात नाही. सरळ धावणारी वाट वाटेतल्या गावांपाशी वाकत नाही. उत्तर फ्रान्समधील मार्ग १९९३ साली सुरू झाला, तेव्हा आमियें शहराची मागणी होती की तो आपल्या शहरावरून जावा. तो गेला नाही. त्याऐवजी आमियें व सें-कांतें ह्या दोन शहरांच्या मधोमध, शेतांत, एक स्थानक मिळाले. लोकांनी त्याला ‘बीटांचे स्थानक’ असे नाव ठेवले.

धाराशिवकरांना ह्या थट्टेतील दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. बार्शी लाइटची जुनी वाट जिल्ह्याच्या मुख्य गावाला बाजूस टाकून येडशीवरून परस्पर लातूरकडे जात असे. गाडी धरावयाची तर धाराशिवच्या माणसाला येडशीसारखे स्थानक गाठावे लागे. १९५४ साली ही रेल्वे सरकारने घेतली. पुढे अर्ध्या शतकानंतर मार्ग रुंद करण्याचे काम झाले, तेव्हा मात्र वाट वळवून धाराशिववरून नेण्यात आली. २००७ साली लातूर ते धाराशिव, आणि २००८ साली धाराशिव ते कुर्डुवाडी हा रुंद मार्ग खुला झाला. येडशीचे स्थानक राहिले व जिल्ह्याच्या गावालाही स्थानक मिळाले. फ्रान्सने वाट सरळ ठेवून गाव सोडले. येथे वाट लांबवून गाव जोडले. दोन्ही निर्णय आपापल्या हेतूस धरून होते.

हेतूची ही गोष्ट २०१६ च्या एप्रिलात सर्वांना पटली. लातूर शहर तहानेने व्याकूळ झाले होते. ११ एप्रिलला मिरजेहून पाण्याने भरलेल्या १० वाघिणींची गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, धाराशिव असा ३४२ किलोमीटरांचा प्रवास करून १२ तारखेस पहाटे लातुरास पोहोचली. तिला सुमारे १८ तास लागले, म्हणजे ताशी सरासरी २० किलोमीटरही पडले नाहीत. प्रत्येक वाघिणीत ५०,००० लिटर, म्हणजे ५० टन पाणी होते. कॅल्थ्रॉपच्या चार आसांच्या वाघिणीला स्वतःच्या वजनासह २० टनांहून अधिक भार पेलण्याची मुभा नव्हती. मिरजेपासून लातुरापर्यंतची ही वाट जवळजवळ सारी त्याच जुन्या रेल्वेची. परंतु रूळ रुंद व बळकट झाले नसते, तर त्या मापाची एकही वाघीण येडशीचा घाट चढू शकली नसती. पुढे काही महिने ५०-५० वाघिणींच्या गाड्या ह्याच घाटातून पाणी घेऊन जात राहिल्या.

लोहमार्ग बांधणाऱ्याने प्रथम विचारावयाचे ते हे की, ह्या वाटेवरून कोणाला, काय आणि कोठवर न्यावयाचे आहे. फ्रान्सला दोन महानगरांमधील माणसे त्वरेने न्यावयाची होती; तिने वळणे मोठी केली, मालगाड्या दूर ठेवल्या आणि वेग मिळविला. कॅल्थ्रॉपला थोड्या पैशांत बार्शीचा कापूस न्यावयाचा होता. त्याने आसाचा भार ५ टनांवर आणला आणि स्वस्ताई मिळविली. लातूरला २०१६ साली पाणी हवे होते, आणि ते १८ तासांनी आले तरी चालण्यासारखे होते. न येणे मात्र परवडण्यासारखे नव्हते. पॅरिसहून लिओंला दोन तासांत पोहोचलेल्या प्रवाशाने येडशीस परतल्यावर घाटातून संथपणे चढणारी मालगाडी पाहिली, तर तिला मागासलेली म्हणण्यापूर्वी तिच्या वाघिणींत काय भरले आहे, हे त्याने एकदा विचारून पाहावे.