नाव बदललं, हक्क कुठे गेला?

परवा मंठ्यात गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज भरताना पुन्हा तेच झालं. एकीच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव पुढं चाललं, माहेरचं मागं राहिलं. ती म्हणाली, "ताई, राजवाड्यातही असंच होत असेल का?" होत होतं. तेच आज सांगते.

१८७५ साली बडोद्याच्या गादीला वारस हवा होता. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला. शेतकऱ्याच्या घरचा बारा वर्षांचा पोरगा. त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. कोल्हापुरात १८८४ साली आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक घेतला. तेच आपले शाहू महाराज. मुलांची नावं बदलली आणि नावासोबत गादीही मिळाली.

आता सुनांचं बघा. सयाजीरावांची पहिली राणी तंजावरची लक्ष्मीबाई. सासरी ती झाली चिमणाबाई. ती वारल्यावर देवासची गजराबाई आली, तिचंही नाव चिमणाबाईच! नाव बदललं, पण गादीवर हक्क आला नाही. तरी या दुसऱ्या चिमणाबाईंनी नाव काढलं. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

कागदाचं महत्त्व झाशीनं शिकवलं. तिथल्या राजानं १८५३ साली आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन त्याला दामोदरराव नाव दिलं. इंग्रजांनी ते दत्तक मानलंच नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केलं. लक्ष्मीबाईंची लढाई त्यातूनच पुढं उभी राहिली.

ब्रिटनच्या राजघराण्यातही मोठी बहीण असली तरी धाकट्या भावाचा नंबर आधी लागायचा. २०१३ साली त्यांनी त्यासाठी कायदा केला. म्हणून आज राजकन्या शार्लट आपल्या धाकट्या भावाच्या, लुईच्या आधी आहे. आपल्याकडे तर २००५ सालीच हिंदू वारसा कायदा बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं.

म्हणजे सासरी नाव बदललं म्हणून माहेरचा हक्क जात नाही. पण वारस नोंदीच्या वेळी "ही तीच लेक" हे कागदानं दाखवावं लागतं. म्हणून शाळेचा दाखला जपून ठेवा. लग्नाची नोंद करून प्रमाणपत्र घ्या. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. वडिलांच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतील तेव्हा आपलं लागलं का, ते तलाठ्याकडे जाऊन बघा. आणि भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी मिळाली म्हणून हक्कसोडपत्रावर न वाचता सही करू नका. भावाला द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण समजून-उमजून द्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला दाखला आणि आधार घेऊन या. कोणाची किती नावं आहेत, ते एकदा मांडून बघू.