कापसाच्या घरातला लॅपटॉप

"काका, लॅपटॉप पुन्हा गेला." मे महिना, दुपारचे दोन. पुतण्या दारव्हा तालुक्यातल्या गावाकडच्या घरून बोलत होता. वर टिनं, भिंतीला कूलर, आणि लॅपटॉप पलंगावर, गादीत रुतलेला. "सकायी बराबर चालते, दुपारी पडते. दुकानवाला म्हन्ते मदरबोर्ड गेला, सात हजार लागतीन."

निम्मं निदान त्यानंच सांगून टाकलं होतं. मदरबोर्ड काही घड्याळ पाहून बिघडत नाही. जे यंत्र सकाळी तीन तास सुरळीत चालतं आणि भर दुपारी वीस मिनिटांत मान टाकतं, त्याला बहुतेक वेळा उष्णता बाधलेली असते.

तरी मी त्याला लगेच स्क्रू खोलू दिले नाहीत. आधी वही घे म्हटलं. लॅपटॉप बंद पडला की लिहायचं: किती वाजले होते, चार्जर लावलेला होता का, बॅटरी किती टक्के दाखवत होती, पंखा ओरडत होता की गप्प होता, आणि पडदा फुंकर मारल्यासारखा विझला की 'बंद होत आहे' असं लिहून रीतसर गेला. चार नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. रीतसर गेला असेल तर बंद करण्याचा हुकूम कुठल्यातरी प्रोग्रामनं, अपडेटनं किंवा विंडोजनंच दिलेला असतो. तो नुसता झोपलाय, दिवा लुकलुकतोय, असं असेल तर मोबाइलचं कव्हर बघा. झाकण मिटलं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. कव्हरमध्ये चुंबक असेल आणि मोबाइल कीबोर्डच्या कडेला ठेवलेला असेल, तर बिचाऱ्याला झाकण लागल्याचा भास होतो. हसू नका, मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

पुतण्याच्या वहीत चारही वेळा एकच आलं. दुपार, पंख्याचा घरघराट, आधी सगळं मंद, मग एकदम अंधार.

आता आत काय होतं ते पाहू. प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. काम करताना तो पंधरा, तीस, कधी त्याहून जास्त वॉट उष्णता टाकतो. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठरवलेली असते. तिथवर पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. 'हँग होतोय' अशी जी तक्रार असते, ती अनेकदा हीच. वेग कमी करूनही पारा चढतच राहिला, तर आतलं सर्किट वीज तोडतं, कारण नाही तोडली तर चिप जळेल. म्हणजे हे अचानक बंद पडणं हा रोग नाही, घरातला फ्यूज उडतो तसा बचाव आहे. फ्यूज उडाला म्हणून आपण फ्यूजला शिव्या देत नाही, लोड कुठे आला ते बघतो.

आणि लोड आपल्याकडे बाहेरूनच येतो. उष्णता वाहायला तापमानात फरक लागतो. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ८० अंशांवर स्थिरावत असेल, तर फरक झाला ५५ अंशांचा. तेच काम, तोच पंखा, पण खोली ४३ वर गेली की प्रोसेसर ४३ अधिक ५५, म्हणजे ९८. हिशेब ढोबळ आहे, पण यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो आणि टिनाखालची खोली संध्याकाळपर्यंत निवत नाही, हे ध्यानात घेतलं की दुपारचे दोनच का, ते उमगतं. पुण्याच्या वातानुकूलित ऑफिसात वर्षभर नांदलेला लॅपटॉप उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी येऊन पडतो, त्याचंही हेच.

प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. तिच्यात थोडंसं पाणी सीलबंद असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं, जसं भाताच्या झाकणाखाली जमतं. थंड टोकाला कागदासारख्या पातळ पत्र्यांची जाळी असते. पंखा खालून हवा ओढतो आणि त्या जाळीतून बाहेर फेकतो. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची तोंडंच बुजतात. म्हणून पहिला उपाय पाण्याच्या बाटलीच्या चार झाकणांचा, चार कोपऱ्यांना एकेक. एवढ्यानंही पुतण्याचा लॅपटॉप वीस मिनिटांऐवजी पन्नास मिनिटं टिकला. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून त्यानं आकडा पाहिला: ९७, ९८, ९९, अंधार. चोर सापडला होता, आता मुद्देमाल काढायचा होता.

वॉरंटी संपलेली होती म्हणून घरीच उघडला. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, मागचं झाकण सुटल्याबरोबर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन मोकळं. स्क्रू पुठ्ठ्यावर ज्या जागेचे त्या जागी टोचून ठेवले, कारण ते लहानमोठे असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खरंच मदरबोर्ड जातो. मग पंखा उचलला. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत बोटाएवढी लांब, राखाडी पट्टी बसलेली होती, जाड घोंगडीचा तुकडा कापून ठेवल्यासारखी. चिमट्यानं टोक धरून ओढली तर अखंड निघाली. खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा धुळीच्या आत लांब पांढरे तंतू चमकले.

कापूस. दिवाळीपासूनच्या वेचणीचा कापूस भाव वाढेल या आशेवर मार्चपर्यंत समोरच्या खोलीत छातीएवढा रचलेला होता आणि पोरगा त्याच खोलीत अभ्यासाला बसायचा. आपल्या जिल्ह्यात हे घरोघरचं आहे. अंगाला खाज सुटते म्हणून माणूस तक्रार तरी करतो, लॅपटॉपचा पंखा मुकाट ओढत राहतो. नुसती धूळ जाळीतून बऱ्यापैकी निघून जाते, तंतू मात्र अडकतो आणि मागून येणाऱ्या धुळीला धरून ठेवतो. वणीकडे कोळशाची बारीक धूळ, जिनिंगजवळच्या घरांत उडणारी रुई, दोन्हीकडे वर्षातून एकदा तरी ही सफाई करावी.

सफाईत दोन चुका हमखास होतात. एक, पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारायची. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे कण असतात. दुसरी, ब्लोअर मारताना पंखा भिंगरीसारखा फिरू द्यायचा. पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर त्याची बेअरिंग जाते. मऊ ब्रश आणि धीर पुरेसा असतो. नळी उचलली तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट सुकून चुन्याच्या खपलीसारखी झालेली दिसेल. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावायची, वाटाण्याहून लहान ठिपका. जास्त लावली म्हणजे जास्त थंडावा, असं नसतं.

कूलरबद्दल थोडं. लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवायची आपल्याकडे सवय आहे. खोली गार झाल्याचा त्याला फायदाच होतो, पण तोंडाशी बारीक तुषार उडतात. बोअरच्या पाण्यानं कूलरच्या ताट्यांवर जे पांढरं किटण चढतं, तेच क्षार तुषारांबरोबर आत जातात. कूलर खोलीत असू द्या, झोत अंगावर नको.

दुपारीच नाही, थंडीतही पडत असेल तर? मग बॅटरीवर संशय घ्यायचा. ३० टक्के दाखवता दाखवता अंधार होणं ही तिची खूण. जुन्या लिथियम-आयन सेलचा आतला विरोध वाढलेला असतो. नुसतं टाइप करत असेपर्यंत ती निभावून नेते, व्हिडिओ सुरू केला, जास्त करंट मागितला, की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि तिचं स्वतःचं सर्किट वीज तोडतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट एवढं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. ४१,००० चे १४,००० झाले असतील तर वाद संपला. टचपॅड वर आलेलं असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल तर बॅटरी फुगली आहे. तिथे मात्र उत्साह दाखवू नका. चार्जिंग थांबवा, टोचू-दाबू नका, जाणकाराकडून काढून घ्या.

व्होल्टेजचं खापर मात्र आपण उगाच फोडतो. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडतात हे खरं, पण चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. 'इनपुट १०० ते २४०' लिहिलेलं असतं. १७० व्होल्ट त्याला चालतात. लाइन गेल्याबरोबर लॅपटॉप जात असेल तर दोष लाइनचा नाही, बॅटरी मेलेली आहे. पिन हलवली की बंद-चालू होत असेल तर जॅक सैल झालाय. ६५ वॉटच्या लॅपटॉपला कुणाचा ४५ वॉटचा चार्जर लावला असेल तर तेही तपासा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ क्रमांकाची 'कर्नल-पॉवर' अशी नोंद पाहून लोक घाबरतात. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी रीतसर बंद न होता वीज गेली. का गेली, ते तिला ठाऊक नसतं. पंचनामा आहे तो, निकाल नव्हे. १०७४ क्रमांकाची नोंद जास्त कामाची, कारण कुठल्या प्रोग्रामनं बंद करायला सांगितलं त्याचं नाव तिच्यात असतं. रॅम बिघडली तर सहसा निळा पडदा येतो किंवा लॅपटॉप स्वतःच पुन्हा सुरू होतो. थंडगार यंत्र, चांगली बॅटरी, चालता चार्जर, आणि तरी बटण दाबल्यापासून पाच-दहा सेकंदांत दरवेळी बंद, असं असेल तेव्हा मदरबोर्डचं नाव घ्यावं.

पुतण्याच्या लॅपटॉपला पेस्टची नळी आणि ब्रश एवढाच खर्च आला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, त्याच खोलीत, तोच व्हिडिओ लावून त्यानं आकडा कळवला: ८१. दिवाळीनंतर मी गावी गेलो तेव्हा समोरच्या खोलीत पुन्हा कापूस रचलेला होता, भावाची वाट पाहत. पोराचं टेबल तेवढं मागच्या खोलीत गेलं होतं आणि लॅपटॉपवर आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा झाकलेला होता. "बंद असला की झाकतो," तो म्हणाला, "चालू असला की नाही."